हळदीत रिकामी झालेली बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने भारी धास्तावलेली. तळवलीच्या धर्मराजशेठनी जुन्या मिनीबसचं फिरतं घर केलं, तेव्हा तुर्भ्याच्या एका गॅरेजात मला पलंगाखाली बसवलं. गाडी सुरू करणारी बॅटरी वेगळी. माझ्यावर दिवे, पंखा, फ्रीज आणि शेठच्या आई काशीआजींचं दम्याचं मशीन चालायचं. गाडी धावली की इंजिनाकडून येणाऱ्या वायरीतून मी भरत असे.

शेठची मुलगी नमिता रोज माझा मीटर बघायची. "साडेबारा व्होल्ट, झकास!" म्हणायची. मी घटकाभर निवांत व्हायचे, की पुन्हा काळजी सुरू.

मग तिच्या भावाची, दिपेशची, हळद आली. आगरी घरची हळद, ती डीजेशिवाय कशी होणार? नेमकी दुपारीच लाइट गेली. दिपेशने माझी इंजिनाची वायर काढली आणि तिथे स्पीकरची जोडली.

"दादा, बॅटरी उतरेल ना!" नमिता ओरडली.

"एवरी मोठी बॅटरी हाय. चार गानी वाजवली त काय व्हतंय?"

चार कसली, चाळीस वाजली! अख्खा गाव नाचला. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड अलिबागला निघालं. वायर परत जोडायची सगळेच विसरले. गाडी धावत होती आणि मी उपाशीच! ओरडून सांगावंसं वाटे, पण बॅटरीला तोंड कुठलं? वडखळला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि काशीआजींना धाप लागली. नमिताने मशीन लावलं. ते दोन मिनिटं घुरघुरलं आणि बंद पडलं.

"बाय, सास नाय घेववत," आजी कशाबशा म्हणाल्या. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. एवढी लाज आणि एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

नमिताने पलंगाची फळी उचलली. "दादा, ही वायर तशीच लोंबतेय!"

नवरदेव मुंडावळ्यांसकट गुडघ्यांवर बसला. हळदीने पिवळ्या झालेल्या हातांनी तो नट फिरवू लागला. दोनदा नट निसटला. तिसऱ्यांदा वायर बसली. शेठनी इंजिन रेटलं, मशीन पुन्हा घुरघुरू लागलं, आणि हळूहळू आजींचा श्वास थाऱ्यावर आला. दिपेश तिथेच बसून लहान मुलासारखा रडला.

पुरती उतरलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी भरत नाही. माझी ताकद आता निम्मीच उरली आहे. म्हणून सांगते मित्रांनो, माझ्यावर काहीही जोडण्याआधी, माझ्या जिवावर कोण श्वास घेतंय, ते एकदा बघा.