माझ्याच जागी तात्पुरती

मी वीट बोलतेय. जुन्या जकातघराच्या मागच्या भिंतीत, खिडकीच्या बरोबर खाली माझी जागा आहे. आहे म्हणजे होती, मग गेली, आणि आता पुन्हा आहे, पण माझी म्हणून नाही. गोंधळलात ना? मीही गोंधळले होते. सगळं नीट सांगते, फक्त समितीच्या कानावर घालू नका.

माझा जन्म नदीकाठच्या चिखलातला. साच्यातून काढून मला उन्हात वाळत ठेवलं होतं. अंग अजून ओलंच होतं, तेवढ्यात कुठूनसं एक कुत्रं आलं आणि माझ्या पाठीवर पाय देऊन निघून गेलं. वीटवाल्याने त्याला शिव्या घातल्या, मला मात्र मोडलं नाही. एका विटेसाठी चिखल पुन्हा कोण मळणार? तो पंजा अंगावर घेऊन मी भट्टीत गेले, आणि तो कायमचा माझा झाला. या पंजाने पुढे माझे काय हाल केले, ते ऐकून कपाळाला हात लावाल.

जकातघर बंदरावरचं. बाहेर व्यापारी आणि कारकून मालावरून हुज्जत घालायचे, आत आम्ही विटा खांद्याला खांदा लावून ऐकायचो. एका भिंतीत राहायचं म्हणजे जावाजावांचं घर. माझ्या डावीकडची थोरली जाऊ फार कुरकुरी. सगळा भार आपल्यावरच आहे, असं तिचं म्हणणं. तरी तिच्याशिवाय मला करमायचं नाही.

समुद्र जवळ आणि जमीन ओली. पाणी पायातून वर चढायचं, आमच्या अंगात फिरायचं आणि वाऱ्यावर उडून जायचं. त्यातलं मीठ मात्र मागे राहायचं. मीठ म्हणजे मुक्कामाला आलेला लांबचा नातेवाईक. आधी कोपऱ्यात अंग चोरून बसतो, मग पाय पसरतो आणि शेवटी घरमालकालाच बाहेर ढकलतो. मिठाचे खडे आत वाढले की वरचा पोपडा सुटतो. तुम्ही म्हणता, भिंतीला लोणा लागला. जखमेवर मीठ चोळणं ही तुमच्यात नुसती बोलायची पद्धत आहे, आमचं ते रोजचं जगणं.

बघता बघता सगळी भिंत पांढरी पडली. मग भिंत पाडून नवी बांधायचं ठरलं. थोरल्या जावेची बोलतीच बंद झाली. अशा वेळी एक संशोधक बाई उभ्या राहिल्या. विटांमधलं मीठ बाहेर काढता येतं, याच विटा परत वापरता येतात, भिंत पाडू नका, असं त्या म्हणाल्या. त्यावर समिती नेमली गेली. समितीने सांगितलं, एक वीट बरी करून आणा. जुनी वीट खरोखर बरी झाली तर भिंत राहील, नाहीतर पाडू.

आणि त्या एका विटेचा मान मला मिळाला.

मिस्त्रींनी छिन्नीने विटांमधल्या चुन्याच्या दरजा मोकळ्या करून मला अलगद बाहेर काढलं. भोक उघडं कसं ठेवायचं, म्हणून भट्टीतून नुकतीच आलेली एक नवी वीट तासून माझ्या मापाची केली आणि माझ्या जागी बसवली. तात्पुरती, असं मिस्त्री म्हणाले. मला वळून बघता येत असतं तर मी तिला चांगलं बघून घेतलं असतं. लालबुंद, गुळगुळीत, तरणीताठी सवत. थोरली जाऊ तर लगेच तिच्याशी गप्पा मारायला लागली, हे मात्र माझ्या मनाला फार लागलं.

प्रयोगशाळेत बाईंनी माझ्या कडेवर शाईने नंबर घातला, माझा फोटो काढला आणि मला स्वच्छ पाण्याच्या बादलीत बसवलं. रोज पाणी बदलायचं आणि जुन्या पाण्यात किती मीठ उतरलं ते मोजायचं. पाण्यातून काढल्यावर कागदाच्या ओल्या लगद्यात मला गुंडाळून ठेवायचं. लगदा वाळताना मीठ ओढून घेतो. मग नवा लगदा. आयुष्यात कुणी माझी इतकी सेवा केली नव्हती.

बाईंच्या आईचा रोज फोन यायचा. माझ्या बादलीला टेकून बाई बोलायच्या, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. शेजारणीच्या मुलीचं संशोधन कधीच आटपलं म्हणे, तिने घरसुद्धा घेतलं. तुझ्या विटेला अजून किती आंघोळी घालायच्या आहेत? बाई शांतपणे सांगायच्या, आई, मीठ घाईने काढलं तर वीट फुटते. आई म्हणायची, मग ती वीटच सांभाळ, माझ्या रक्तदाबाचं नंतर बघू. फोन ठेवल्यावर बाई माझ्याकडे बघून हसायच्या. मला त्या क्षणी भलतंच अपराध्यासारखं वाटायचं.

चार वर्षं लागली, पण मी बरी झाले हो. पोपडे थांबले, अंग घट्ट झालं, भट्टीतून निघाले होते तेव्हाचा लाल रंग परत आला. बाईंनी मला मऊ कापडात गुंडाळलं आणि मोठ्या अभिमानाने जकातघरापाशी समितीपुढे नेलं.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना विटांमधलं फारसं कळत नव्हतं, पण पुराव्यातलं सगळं कळतं असा लौकिक होता. त्यांच्यासोबत त्यांचा म्हातारा कुत्राही आला होता, कारण घरी एकटा राहिला की तो सोफा खातो. अध्यक्षांनी आधी भिंतीकडे बघितलं. माझ्या जागेवर एक वीट होती. पांढरी, पोपडे सुटलेली, कोपरे झडलेली. ती माझी सवत! कच्ची भाजलेली असणार, चारच वर्षांत मीठ पिऊन पार म्हातारी झाली होती.

"जुनी वीट तर इथेच आहे," अध्यक्ष म्हणाले. "मग तुमच्या हातात आहे ती कोणती?"

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी सांगितलं की भिंतीतली तात्पुरती आहे आणि हातातली जुनी. अध्यक्षांनी नंबर विचारला. नंबर बाईंच्याच बादल्यांमध्ये केव्हाच धुऊन गेला होता. जुना फोटो दाखवला, तर त्यात एक पांढरी, पोपडे सुटलेली वीट. समितीतल्या सगळ्यांनी आळीपाळीने फोटो भिंतीपाशी धरून बघितला आणि माना डोलावल्या. हुबेहूब. बाईंनी पाण्यात उतरलेल्या मिठाचे आलेख पुढे केले. अध्यक्ष म्हणाले, आलेख काढणारे तुम्हीच, तेव्हा तो पुरावा कसा धरायचा?

मग मिस्त्रींना बोलावलं. मला वाटलं, आता सुटले. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने अदलाबदल केली, तो तरी सांगेल. मिस्त्रींनी सवतीकडे बघितलं. तिच्या अंगावरून पोपडा गळून त्यांच्या चपलेवर पडला. मिस्त्रींच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आपण बसवलेलं काम चार वर्षांत असं सडलं, हे चारचौघांत कबूल करायचं? गावभर इज्जत जायची.

"ही काही माझी नाही, साहेब," ते म्हणाले. "माझ्या हातची वीट अशी होणारच नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मिस्त्री ओळंबा गुंडाळायला लागले. मिस्त्री वाईट नाहीत हो, पण त्या दिवशी ते माझ्या मनातून उतरले.

शेवटी बाईंना पंजा आठवला. त्यांनी मला उलटं केलं आणि पाठ दाखवली. पूर्वी विटा उघड्यावर वाळवायचे, जनावरं त्यांच्यावरून चालायची, म्हणजे ही जुनीच, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी मनातल्या मनात त्या कुत्र्याला लाख दुवा दिल्या. अध्यक्षांनी चष्मा लावून पंजा बघितला. बराच वेळ विचार केला. मग आपल्या कुत्र्याला हाक मारली, त्याचा पुढचा पाय उचलला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

पंजा तंतोतंत बसला.

सगळे वाकून बघायला लागले. कुत्रासुद्धा ओशाळला.

"याचं वय बारा," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे वीट त्यापेक्षा जुनी असूच शकत नाही."

बाईंनी सांगून बघितलं की जगात त्या मापाचे पंजे पुष्कळ असतात. एका सभासदाने विचारलं, मग हा इथे कधी आला होता का? अध्यक्ष प्रामाणिक माणूस. ते म्हणाले की लहानपणी तो फार भटकायचा. संपलं! माझं सगळं आयुष्य, जकातघराची भरभराट, व्यापाऱ्यांच्या हुज्जती, थोरल्या जावेची कुरकुर, एका कुत्र्याच्या पायाखाली गेलं. मी नवी ठरले.

आता भिंत पडणार, या विचाराने माझं अंग थंड पडलं. पण अध्यक्ष न्यायी होते. ते म्हणाले, बाईंची चूक झाली असली तरी कष्ट खरे आहेत. तेव्हा त्यांना आणखी एक संधी द्या. भिंतीतली ही जुनी, आजारी वीट त्यांनी न्यावी आणि बरी करून आणावी. तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही.

मिस्त्रींनी माझ्या सवतीला बाहेर काढलं. परत भोक पडलं. वारा आत शिरायला लागला.

"इथे काय बसवायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ती नवी आहे ना, तीच लावा. तात्पुरती."

मिस्त्रींनी मला उचललं. तासायची गरजच पडली नाही. मी आत सरकले आणि चारही बाजूंनी घट्ट बसले. डावीकडून थोरली जाऊ म्हणाली, किती उशीर केलास गं. एवढंच. पण मला इतकं भरून आलं की रडता आलं असतं तर रडले असते. मग आठवलं, पाणी अंगात घेणं आपल्याला परवडायचं नाही.

मिस्त्री चुना सारखा करताना पुटपुटले, "बसली तर अशी, की जणू इथलीच." बाईंनी ऐकलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण ओठ मिटून गप्प राहिल्या. बोलल्या असत्या तर तपासायला म्हणून मला परत बाहेर काढलं असतं.

आता सवत बादलीत आहे. तिची सेवा चालली आहे, आणि बाईंची आई फोनवर विचारते की ही दुसरी कुठून आणलीस, असं बाई इथे आल्या की मिस्त्रींना सांगतात. सवत बरी होऊन लाल होईल, तेव्हा समिती परत येईल. त्या दिवशी मी इथे अशीच लाल आणि टवटवीत दिसले, तर तात्पुरती म्हणून मला काढून टाकतील आणि तिला माझ्या जागी मानाने बसवतील. पण मी तोवर पांढरी पडले, माझे पोपडे सुटले, तर अध्यक्ष चष्मा लावून म्हणतील, जुनी वीट तर इथेच आहे, मग तुमच्या हातात आहे ती कोणती? आणि बाईंना आणखी एक संधी मिळेल. असं चालत राहिलं, तर ही भिंत पाडायला कुणाला सवडच व्हायची नाही.

जमिनीतली ओल आहे तशीच आहे. तिचा विषय निघायच्या आतच समितीचा वेळ कुत्र्यात गेला.

परवा बाई आल्या होत्या. भिंग लावून मला न्याहाळत असताना त्यांना माझ्या कोपऱ्यात पांढरा ठिपका दिसला. पहिलाच. या बाईंचं सगळं आयुष्य मीठ काढण्यात गेलेलं. त्यांचा हात सवयीने ब्रशकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, ब्रश पिशवीत टाकला आणि तळवा माझ्यावर ठेवला.

"येऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. "सावकाश येऊ दे."

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी या बाजूला आलात, खिडकीखाली एखादी पांढरी, पोपडे सुटलेली वीट दिसली, तर हळहळू नका आणि मला पुसायला तर मुळीच येऊ नका. फक्त जरा मोठ्याने, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणा, बापरे, किती जुनी वीट आहे ही. आणि सोबत कुत्रं असेल, तर कृपा करून त्याला लांबूनच घेऊन जा.