पाटीवरची दोन गावे

मी एक जुने इंग्रजी आडनाव आहे. अ‍ॅश्बी. सध्याचा मुक्काम नेदरलँड्समध्ये, शिफोल विमानतळाला लागून असलेल्या बाडहूव्हडॉर्पमधल्या एका दारावर.

मित्रांनो, माझे दोन तुकडे आहेत. 'अ‍ॅश' हे इंग्लंडमधले एक उंच झाड. 'बी' म्हणजे वस्ती. हा शब्द समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांनी तिथे रुजवला. अ‍ॅशच्या झाडांपाशी वसलेली ती अ‍ॅश्बी. या नावाची गावे इंग्लंडात एकाहून अधिक आहेत. आमचे घराणे त्यांतल्या नेमक्या कुठल्या गावचे, हे आता कोणी सांगू शकत नाही.

गावात राहणाऱ्याला माझा उपयोग नव्हता. तिथे सगळेच अ‍ॅश्बीचे. एक जण कामासाठी बाहेर पडला आणि परगावच्या लोकांनी त्याला 'तो अ‍ॅश्बीचा' म्हटले, तेव्हा माझा जन्म झाला. पुढे मी बापाकडून मुलाकडे जात राहिलो. शेतमजूर, लोहार, रेल्वेतला फिटर, अशा सगळ्यांनी मला वापरले. लग्न होऊन घरात आलेल्या बायकांची आडनावे मात्र माझ्याशेजारी टिकली नाहीत. रीतच तशी होती.

आताचा माझा धनी रॉबिन. तो शिफोलवर विमानांची इंजिने तपासतो. त्याची बायको वैदेही पुण्याची. झुइडास या बँका-कचेऱ्यांच्या भागातल्या एका बँकेत ती आयटीचे काम करते. तिचे आडनाव पिंपळगावकर. लग्नानंतर तिने ते बदलले नाही, तरी पाटीवर मी एकटाच होतो. पाटी लग्नाआधीची होती, एवढेच कारण.

वैदेहीच्या बाळंतपणासाठी तिचे बाबा, गुरुनाथ, पुण्याहून आले. तिची आई हयात नाही. म्हणून शेजारणीकडून करून घेतलेले डिंकाचे लाडू बाबांनीच आणले. वैदेही एकुलती एक. तिच्यानंतर त्यांच्या घरात पिंपळगावकर हे आडनाव लावणारे कोणी उरणार नव्हते.

इथे आता बाळाला आईवडिलांची दोन्ही आडनावे देता येतात. त्यासाठी दोघांनी खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन तसे सांगावे लागते. पहिल्या बाळाला जे आडनाव मिळते, तेच पुढच्या भावंडांना. वैदेहीला दोन्ही हवी होती. रॉबिनची हरकत नव्हती. हरकत घेतली ती बाबांनी.

मुलीच्या बाळाला आजोळचे आडनाव लावत नाहीत, असे ते म्हणाले. लोक जावयाला घरजावई म्हणतील.

"बाबा, घरजावई तो कसा?" वैदेही म्हणाली. "त्याच्या घरात येऊन तर तुम्ही राहिलाय."

बाबा हसले नाहीत. विषय मिटला असे त्यांनी सांगितले. पण रोज संध्याकाळी ते कालव्याकाठी फिरून येत आणि किल्ली हातात घेऊन पाटीसमोर थांबत. ते मला वाचत. माझ्या शेजारी जागा नव्हती, हेही त्यांना दिसत असणार.

एका रविवारी चहा घेताना रॉबिनने त्यांना पिंपळगावकरचा अर्थ विचारला. बाबांनी इंग्रजीत सावकाश सांगितला. पिंपळ हे झाड. गावाच्या वेशीवर तो होता, म्हणून पिंपळगाव. गावात असेपर्यंत घराण्याला हे नाव कोणी लावले नाही. पणजोबा पुण्याला आले, मास्तरांनी कुठला रे तू असे विचारले, आणि त्या दिवसापासून सगळे पिंपळगावकर झाले.

रॉबिनने कप खाली ठेवला. मग त्याने माझी हकिकत सांगितली. झाड, वस्ती, गाव सोडलेला माणूस. बाबांनी ती मध्ये न बोलता ऐकली.

"म्हणजे रॉबिनराव," ते मराठीतच म्हणाले, "पोरगी मी गावातच दिली की."

वैदेहीने ते इंग्रजीत सांगितले, तेव्हा रॉबिन हसला. मग त्याने पिंपळ अजून आहे का, असे विचारले. रस्ता रुंद करताना तो तोडला, असे बाबा म्हणाले. इंग्लंडमधल्या अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे आणि ती मोठ्या संख्येने मरत आहेत, असे रॉबिनने सांगितले.

"झाडं जाणारच," बाबा म्हणाले. "नावं तरी राहू देत. दोन्ही लावा. पुण्यातल्या लोकांना मी सांगतो काय सांगायचं ते."

खेमेंटेत तिघेही गेले. खिडकीतल्या बाईंनी खात्री करण्यासाठी आईचे नाव मोठ्याने वाचले: वैदेही गुरुनाथ. मराठी माणसांच्या पासपोर्टात नावापुढे वडिलांचे नाव असते, आणि इथे ते तिचेच दुसरे नाव समजतात. मागच्या खुर्चीवरचे बाबा "येस मॅडम" म्हणत ताठ उभे राहिले. वैदेहीने खुलासा केला. बाई म्हणाल्या, बसा, तुम्ही आधीपासून नोंदीत आहात.

मुलगी झाली. ईशानी आता घरभर रांगते. दारावर नवी पाटी आली आहे. पिंपळगावकर लांबलचक असल्यामुळे माझी अक्षरे लहान करावी लागली. मला त्याची तक्रार नाही. इतक्या पिढ्यांत माझ्याशेजारी टिकलेले हे पहिले आडनाव.

मित्रांनो, तुमच्या आडनावातही बहुधा एखादे गाव, झाड किंवा काम असेल. ते कुठले, हे घरातल्या मोठ्यांना वेळेत विचारा. आमच्या घरात कोणी विचारले नाही, म्हणून माझे गाव हरवले. ईशानीला निदान एक गाव नक्की ठाऊक असेल.