कागदाला लावलेली चिठ्ठी

"पुन्हा तांबडं आलं?" रणोजीरावांनी लेकीला विचारलं.

तुळसीनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. नजरबादच्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, आणि सकाळपासून अकराव्यांदा चूक दाखवणारी तीच तांबडी ओळ उमटली होती. बारा वीस झाले होते. एक वाजेपर्यंत काम पाठवायचं होतं.

मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात ती चौदा वर्षं गणवेश शिवत होती. याच आठवड्यात, महिनाअखेरीला, शिलाईची लाइन बंद होणार होती. कारखान्याच्याच संगणकाच्या खोलीत दोन जागा होत्या, त्यांतली एक काल भरली. तिथं जावा ही संगणकाची भाषा शिकवणाऱ्या शरतनं उरलेल्या जागेसाठी तीन चाचण्या ठेवल्या होत्या; एक तरी जमायला हवी होती. "कुणालाही विचारा मॅडम, टाइप मात्र तुम्हीच करा," असं तो म्हणाला होता. पहिल्या दोन तिला जमल्या नाहीत. ही शेवटची. अप्पांचे हात थरथरू लागल्यापासून दुकानात कापड येत नव्हतं आणि घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं.

चाचणी दिसायला साधी होती. बेचाळीस ऑर्डरींच्या यादीतून कापडांचे वेगवेगळे कोड काढायचे, प्रत्येक एकदाच.

"माझ्यानं नाही होत अप्पा. मला सरळ टीप मारता येती, तेवढंच." तिनं पदरानं डोळे पुसले. "सोमवारी कुठं जाऊ मी?"

"रडायला एकनंतर वेळ हाय. काय म्हणतंय ते, हेळु, सांग."

"म्हणतंय, ॲड इथं चालत नाही. स्पेलिंग चारदा बघितलं मी."

"कशात ॲड करतीस?"

"हॅशसेटमध्ये. थैलीसारखं असतंय ते. एक वस्तू दोनदा टाकली तरी एकदाच ठेवून घेतंय."

"मग थैली कुठाय?"

"ही काय, वरच्या ओळीत केली की. नाव पण थैलीच ठेवलं."

रणोजीरावांनी चष्मा सारखा केला. थरथरतं बोट वरच्या ओळीवरून खाली आणलं. "खालती ते नाव दिसत नाही गं."

तुळसीनं वाचलं. खाली तिनं लिहिलं होतं, हॅशसेट.ॲड. "हॅशसेट म्हणजे तसल्या सगळ्या थैल्यांचा..." ती अडखळली. "नमुना."

"अय्यो. पुन्हा कागदाला चिठ्ठी लावलीस की."

बारा वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिनं हेच केलं होतं. गिऱ्हाइकांपैकी तीन भावांचे तीन पांढरे शर्ट एकाच खाकी कागदाच्या नमुन्यावरून कापायचे होते, फक्त बाह्यांची लांबी वेगळी. गिऱ्हाइकाचं नाव आणि कपडा द्यायचा वार लिहिलेली चिठ्ठी कापडाला टाचायची, ही दुकानाची रीत. तिनं तिन्ही चिठ्ठ्या नमुन्याच्या कागदाला टाचल्या. कापडं बिननावाची राहिली, बाह्या अदलाबदल झाल्या आणि अप्पांनी तिन्ही शर्ट उसवले. ओरडले नाहीत. "कागद कुणी अंगात घालत नाही, तुळसी," एवढंच म्हणाले.

तिनं हॅशसेट खोडलं आणि त्या जागी थैली लिहिलं. थैली.ॲड. बटण दाबलं.

तांबडी ओळ आली नाही. सहा कोड आले, एकाखाली एक. तिनं यादी काढून पेन्सिलीनं ताडून पाहिली. सहाच होते. चौदा वर्षं ती जी राखाडी चौकडी शिवत होती, तिचा कोड त्यांत नव्हता; यादीत तिची एकही ऑर्डर नव्हती. बारा बावन्नला तिनं काम पाठवलं.

एक वाजला. सव्वा वाजला. दोघंही फोनकडे बघायचं टाळत होते.

"जेवून घे."

"नको."

दीड वाजता फोन वाजला. शरतचा निरोप होता. बरोबर आहे, सोमवारी नऊला या, तीन महिने बघू. तिनं मोठ्यानं वाचून दाखवला.

"सरी, बरं," रणोजीराव म्हणाले. "आयतु. झालं काम."

मग त्यांनी खण ओढून चिठ्ठ्यांची डबी काढली. एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'तुळसी. सोमवार.' टाचणी घेतली. टेबलावर कापड नव्हतं. त्यांनी लेकीच्या पदराचं टोक ओढून घेतलं. टाचणी पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा त्यांच्याच बोटात गेली. तुळसीनं हात पुढं केला नाही. ती पदर ताणून धरून, जरासुद्धा न हलता उभी राहिली.