सहीचे पंख

पोळ्याची दुपार, जेव्हा तिच्या ओल्या बोटांना तांबड्या मातीचा वास होता. महालक्ष्म्यांच्या विसर्जनानंतरचा पहिला रविवार, जेव्हा जेवणाच्या टेबलावर जेवण आले नाही. कोजागिरीच्या आदल्या दिवशीची सायंकाळ, जेव्हा गच्चीवरच्या दोरीवरून चहा ठिबकत होता. आणि दिवाळी आटोपल्यानंतरची ती धूसर सकाळ, जेव्हा मी तिला नागपूरच्या गाडीत बसवून एकटाच घरी परतलो. या चार तिथी मी क्रमाने नोंदवतो, कारण माझी तक्रार त्यांच्यातच रुजलेली आहे. जबाबदार कोण, तेही नोंदवतो. माझी पत्नी कुसुम. आमच्याकडे राहून शिकणारी माझी नात रेवा. रेवाचा महाविद्यालयातला मित्र आयुष साहू. आणि मातीचा एक बैल.

कुसुमची आठवण माझ्या डोळ्यांआधी कानांना येते. भाद्रपदातल्या कलत्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीतले पिवळे ऊन टेबलावर न उचललेल्या ताटासारखे पडलेले असते, आणि त्या उन्हात तिची लहान कात्री कागदातून सावकाश चालत जाते. कात्री थांबली की बांगड्या बोलतात, बांगड्या थांबल्या की ती स्वतःशी काहीतरी पुटपुटते, आणि त्या पुटपुटण्यात इतके मार्दव असते की पलीकडच्या खोलीत अर्ज लिहिणाऱ्या माणसाला वाटावे, तिथे एखादे तान्हे मूल निजवले जात आहे. प्रत्यक्षात ती पुठ्ठ्याच्या किल्ल्याला खिडक्या कापत असते.

आमच्या विदर्भाकडच्या घरांत महालक्ष्म्यांपुढे आरास मांडण्याची रीत आहे. माझ्या आजोबांच्या नोकरीबरोबर घराणे रायपूरला आले, तशी ती रीतही आली. लग्न होऊन आल्यापासून कुसुम दर भाद्रपदात देवीच्या पायाशी एक इवलेसे गाव वसवीत आली: आरशाच्या तुकड्याचे तळे, राळ्याचे हिरवे शेत, काड्यापेटीची घरे, सुपारीएवढ्या घागरी. ते गाव अडीच दिवस नांदे आणि पुन्हा पत्र्याच्या डब्यात जाई. मी ते कधी वाकून पाहिले नाही, हे मी मान्य करतो. त्या दिवसांत मी ध्वनिक्षेपकांविरुद्धच्या निवेदनांत व्यग्र असे.

मग रेवाच्या मित्रमंडळीत तो खेळ आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण सूत्रधार होऊन कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतली पात्रे होतात, आणि पात्रांचे दैव फासे ठरवतात. टेबलावर त्या पात्रांच्या बोटभर मूर्ती, किल्ले, दऱ्या, राक्षस मांडावे लागतात. हे सारे परदेशातून मागवायचे, तर विद्यार्थ्यांच्या खिशाला ते झेपणारे नसते. पोळ्याच्या सकाळी रेवा फोनवर एका अग्निमुखी राक्षसाची किंमत पाहत सुस्कारे टाकत होती.

"एका बाहुलीले एवढे पैसे?" कुसुमने चष्मा वर सारून विचारले. "काहून, सोन्याची आहे का?"

"रेजिन की है, आजी." रेवाला मराठी सगळी समजते, उत्तर ती हिंदीत देते, या पिढीचा तो परिपाठच आहे. "बाहर से आती है।"

"आन मातीचा चालन का तुमच्या राक्षसाले?"

"चलेगा नहीं, आजी. पहिये लगे हों तो दौड़ेगा।"

दोघी खिदळत गोल बाजारात गेल्या आणि दुपारी परतल्या. पोळ्यानिमित्त कुंभारणी रस्त्याच्या कडेला चाकांचे मातीचे बैल मांडून बसतात. त्यांतला शिंग मोडलेला एक बैल कुसुमने निवडून आणला होता. सोबत खेळण्यातली चूल, जाते, तवा. पूजेच्या दुकानातून बाळकृष्णाचे नखाएवढे मुकुट आणि एक चिमुकले सिंहासन. आयुषच्या वडिलांचे भनपुरी भागात ट्रकच्या सुट्या भागांचे दुकान. तो गंजलेल्या स्प्रिंगा आणि नटबोल्ट पिशवीभर घेऊन आला, आणि तिने त्यांचे बुरूज रचले. वर्षानुवर्षे देवीपुढे गाव वसवणाऱ्या त्या हातांना आता अडीच दिवसांची मर्यादा उरली नव्हती.

विसर्जन झाले; आरास डब्यात गेलीच नाही. रविवारी चार वाजता रेवा, आयुष आणि आणखी दोन मुली टेबलाशी बसल्या. त्यांच्यामध्ये, वितळत्या उन्हात, माझी पत्नी. कथेतल्या धर्मशाळेची ती मालकीण होती म्हणे. टेबलाला सहा खुर्च्या आहेत. पाच भरल्या, सहावीवर तिने डब्यांची चळत ठेवली. रात्री माझे ताट आतल्या खोलीत आले. त्या दिवसापासून दर रविवारी मी माझ्याच घरात पडद्याच्या अलीकडचा नागरिक झालो.

पडद्यापलीकडून तिचे हसू येई. ते हसू मला परके होते, हे लिहिताना लेखणी जड होते. माझ्यासमोर ती ओठ मिटून हसते, जणू कुणाची तरी परवानगी यायची आहे. तिथे ती मोकळ्या गळ्याने हसत होती, आणि प्रत्येक लाटेबरोबर माझ्या छातीत काहीतरी आम्लासारखे पसरत होते. त्याला असूया म्हणतात. मी शब्द टाळणारा माणूस नव्हे.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी सायंकाळी गच्चीवर गेलो, तेव्हा कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावलेले तीन कागद पश्चिमेच्या तांबूस प्रकाशात डुलत होते. तपकिरी, सुरकुतलेले, कडा जळालेले, शतकानुशतके पुरल्यासारखे. जवळ गेलो आणि अक्षर ओळखले. ते माझे होते. आमच्या गल्लीच्या वळणावरचा दिवा लागत नाही, या विषयावर मी संबंधित कार्यालयाला वर्षानुवर्षे पाठवलेल्या अर्जांच्या कार्बनप्रती होत्या त्या. ज्या अर्जांना साधी पोचही आली नव्हती, ते आता चहात बुडवून वाळत घातले होते. आणि प्रत्येकाच्या तळाची पट्टी कापलेली होती. माझी सही होती ती पट्टी.

"कुसुम, हा माझा अभिलेख आहे!"

"हव, माहीत आहे मले." ती जिना चढून धापा टाकत होती. "अक्षर पहा न कसं आहे तुमचं. राजाच्या दरबारातलं वाटते. पोट्ट्यांले जुना कागद पाहिजे होता."

"कोणाच्या परवानगीने?"

"इचारलं होतं की. तुमी पेपर वाचून राहिले होते. हूं म्हणाले."

हूं ही संमती ठरत नाही, हे मी तिला तिथेच, त्या मावळत्या उजेडात, तीन मुद्द्यांत समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकले आणि कागद सुकले का, ते गालाला लावून पाहिले. माझा एकही अर्ज आजवर कुणी गालाला लावला नव्हता.

पुढच्या रविवारी त्यांतला एक कागद लाल धाग्यात गुंडाळून, कथेतल्या भग्न देवळात सापडला. आयुषने तो उलगडला आणि वाचू लागला. "महोदय, सविनय निवेदन है कि उक्त मोड़ पर सूर्यास्त के पश्चात कुछ दिखाई नहीं देता। वृद्धजन गिरते हैं। बच्चियाँ दौड़कर निकलती हैं।"

तो थांबला. टेबलावरचा फासाही हलला नाही.

"यार," तो हळूच म्हणाला, "इस शहर में तो कोई इतने साल से बोल रहा है, और किसी ने सुना ही नहीं।"

"तो तय रहा," रेवा म्हणाली. "पहले मोड़ का दीया। खज़ाना बाद में।"

पडदा मुठीत धरून मी उभा होतो. इतक्या वर्षांत ज्या वाक्यांवर कुणाची नजर थांबली नाही, त्यांच्यापुढे चार तरुण माणसे श्वास रोखून बसली होती. आणि त्या मौनाचा धनी मी नव्हतो. माझे नाव तिने कात्रीने वेगळे केले होते. श्रेय चहाच्या डागाला मिळाले, धाग्याला मिळाले, तिच्या हातांना मिळाले. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि का जेवलो नाही हे तिने विचारल्यावर पोट बिघडल्याचे खोटे निवेदन केले.

दिवाळीनंतर ती धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली. गाडी हलताना तिने खिडकीतून हात बाहेर काढला. बोटांवर वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे होते, आणि कोवळ्या उन्हात ते मासोळीच्या खवल्यांसारखे चमकले. ती रोज फोन करते. रेवाशी ती बुरुजांविषयी, नव्या पुलाविषयी, मुकुटाच्या पडलेल्या खड्याविषयी बोलते. मला विचारते, "गोळी घेतली का?"

तिच्या जाण्यानंतरच्या रविवारी चार वाजता दार वाजले. "आजी नहीं हैं?" आयुषने माझ्या खांद्यावरून आत पाहत विचारले.

"मैं हूँ," मी म्हणालो.

"नहीं दादाजी, रहने दीजिए. आपको तकलीफ़ होगी।" आणि ती मुले नम्रपणे नमस्कार करून गेली. त्या नम्रतेइतके धारदार दुसरे काही मी या वयात अनुभवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिने जाताना भरून ठेवलेला पत्र्याचा डबा उघडून रीतसर पंचनामा केला. मुकुट, सिंहासन, बुरूज, चूल. धर्मशाळेची मालकीण, कुसुमसारखाच मागे खोचलेला पदर. शेजारची दूधवाली सुद्धा होती, गल्लीतले लंगडे कुत्रेही होते. मी कुठेच नव्हतो. तळाशी, तिच्या जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेला तो बैल सापडला. शिंग मोडलेला, तोंड लाल रंगवलेले, नाकात तांब्याच्या तारेची ज्वाळा. त्याच्या पाठीवर तिने दोन कागदी पंख चिकटवले होते. मी ते खिडकीशी नेले. पंखांच्या शिरांत, एकाखाली एक, माझ्या कापलेल्या सह्या होत्या.

मी रेवाला बोलावले. "हा कोण?"

ती खालमानेने ओढणीशी खेळली. "आबा, रहने दो न।"

"मला उत्तर हवे आहे."

"ये मोड़ पर बैठता है। सब पर आग उगलता है, पर काटता किसी को नहीं। आयुष दो बार मारने निकला था, आजी ने पासे ही उठा लिए। बोलीं, याले कोनी हात लावाचा नाही. हा आपला आहे।"

मी बैल टेबलावर ठेवला. मग विचारले, "आणि तो दिवा? लागला?"

"लगा न," रेवा म्हणाली. "इसी ने जलाया। और आग थी किसके पास?"

आता मार्गशीर्षाचे ऊन त्याच टेबलावर पडते, अधिक तिरपे, अधिक पांढरे, आणि त्यात कात्री वाजत नाही. मी तो बैल समोर घेऊन बसतो. दुसऱ्या कुणाविषयी वाटली नव्हती इतकी असूया मला या मृत्तिकेविषयी वाटते. दर रविवारी तो तिच्या तळहाताशी बसला. तिने फुंकर घालून त्याच्या पंखांवरची धूळ उडवली. त्याच्या रागाला तिने सबंध टेबलापुढे अभय दिले. काळ माणसांची मूळ प्रत आपल्याजवळ ठेवून घेतो, आणि आपल्या हाती उरते ती एक फिकट निळी नक्कल, जी कुणाच्या तरी अनुपस्थितीच्या प्रकाशात धरली तरच वाचता येते.

कुसुम संक्रांतीला परतणार आहे. सहाव्या खुर्चीवरचे डबे मी उतरवून ठेवले आहेत. तिने फोनवर, स्वयंपाकघरात किंवा हूं म्हणून उत्तर देऊ नये. येत्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, चार वाजता, रेवा, आयुष आणि त्या दोन मुलींच्या समक्ष, टेबलाशी उभे राहून तिने जाहीर खुलासा करावा: हा आपला आहे, हे मातीच्या बैलाविषयी जिने सर्वांदेखत सांगितले, तिने ते मला एकदाही का सांगितले नाही?