टिटवीचा मोडका पंख

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझा डावा डोळा थोडा धुरकट झाला आहे, पट्टा दोनदा शिवला आहे आणि मधलं चाक फिरवताना कुरकुरतं. कुरकुरायची सवय मलाही आहेच, ते मी नाकारत नाही. सध्या माझा मुक्काम शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात असतो. एका बाजूला प्लॅस्टिकचं हृदय, दुसऱ्या बाजूला दात पडलेली एक कवटी. शेजार बरा आहे, निदान कुणी बडबड करत नाही. हल्ली मुलं खिशातला मोबाइल काढतात, झाडावरच्या पाखराचा फोटो घेतात आणि त्या फोटोत पाखरू कुठे आहे हे शोधत बसतात. मला मात्र कपाटाबाहेर काढायचं कुणाला सुचत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथला कारागीर दिवसभर माझी भिंगं घासत बसायचा. घासायचा, उजेडाकडे धरायचा, नकारार्थी मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा. पुरे की आता, असं मला होऊन जायचं. पण त्याने पहिल्यांदा मला खिडकीतून समोरच्या छपराकडे धरलं आणि कौलांच्या फटीत उगवलेलं गवताचं पातं मला स्वच्छ दिसलं, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे पळाला.

माझे पहिले मालक घोड्यांच्या शर्यतीचे शौकीन होते. त्यांचा घोडा मागे पडला की ते मला आपटायचे, जणू काही त्या घोड्याचे पाय मीच बांधून ठेवले होते! शेवटी त्यांनी मला जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे गंजलेल्या इस्त्र्यांच्या ढिगात मी बरेच दिवस पडून होते. एकदा जाड चष्म्याच्या, कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई आल्या. त्यांनी मला डोळ्यांना लावलं आणि रस्त्यापलीकडच्या तारेवरचा कावळा न्याहाळला.

"अगंबाई! याच्या चोचीवरचे केससुद्धा दिसतायत!"

"बाई, कावळाच बघायचा तर दुर्बीण कशाला हवी?" दुकानदार हसला.

"तुम्ही कधी बघितले होते का ते केस?" बाईंनी विचारलं आणि मला पिशवीत टाकलं.

त्या जीवशास्त्र शिकवायच्या. दर शनिवारी त्या वर्गाला गावाबाहेर फिरायला न्यायच्या. पाण्याच्या टाकीवरून, कुंपणाच्या कडेकडेने, तळ्याजवळच्या खडकाळ माळापर्यंत. वाटेत पानं ओळखायची, मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघायचं, दगड उचलला तर तो पुन्हा होता तसा ठेवायचा. मुलं पुष्कळ आणि दुर्बीण एकच, म्हणून बाईंनी एक नियम घालून दिला होता. ज्याच्या हातात मी असेन त्याने एक ते सात आकडे म्हणायचे आणि मला पुढच्याकडे द्यायचं. बाईंचा नंबर सगळ्यांत शेवटी. भांडणं मिटली, पण माझी डोकेदुखी वाढली. कुणी तीन आकडे चाक फिरवण्यातच घालवायचा, कुणी मला उलटी धरायचा आणि वर म्हणायचा, "बाई, ही बिघडलीय!" बिघडलेलं कोण होतं ते मी बोलत नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे बाबा जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते, आणि तिलाही तेच व्हायचं होतं. एकदा तिने एका नाकतोड्याच्या पायाला धाग्याची पट्टी बांधली होती. त्या दिवसापासून सगळे तिला डॉक्टरीण म्हणायचे. मन इतकं हळवं की वाटेत मेलेली गोगलगाय दिसली तरी तिचा चेहरा उतरायचा. माझा जीव होता तिच्यावर.

एका शनिवारी, उन्हं चांगलीच तापली असताना, आम्ही माळावर पोचलो. पहिला नंबर डॉक्टरणीचा होता. तिने मला डोळ्यांना लावलं आणि पाचव्या आकड्यालाच ओरडली, "बाई, टिटवी! तिचा पंख मोडलाय!"

खरंच, एक टिटवी जमिनीवरून फरफटत चालली होती. एक पंख मातीला घासत होता. मी पुढच्याच्या हातात गेले. त्यालाही सात आकड्यांत तेच दिसलं. त्याच्या पुढच्यालाही तेच. वर दुसरी टिटवी घिरट्या घालत कर्कश ओरडत होती.

"तिचा जोडीदार रडतोय गं," कुणीतरी म्हणालं.

झालं! डॉक्टरणीला राहवेना. तिने कमरेला बांधलेला स्वेटर सोडून हातात घेतला. "हिला यात गुंडाळून बाबांकडे नेऊ. दोन बाजूंनी या, कडं करा, हळूहळू जवळ या!" सगळा वर्ग माळावर पसरला. बाईंचा गुडघा दुखत होता, त्या मागून येत होत्या. शेवटच्या मुलाने मला घाईघाईने त्यांच्या हातात कोंबलं आणि तोही धावला.

बाईंनी मला डोळ्यांना लावलं. त्यांच्या मागे कुणी नंबर लावून उभं नव्हतं, त्यामुळे आकडे म्हणायचं काही कारण नव्हतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मुलं टिटवीच्या मागे गेली की ती आणखी दूर फरफटायची. मुलं मागे वळली की तिचा पंख एकदम बरा व्हायचा, ती तुरुतुरु धावत परत यायची आणि मुलांच्या समोर पुन्हा लंगडायला लागायची. तिलाच मुलांना एका जागेपासून लांब न्यायचं होतं. आणि डॉक्टरीण नेमकी त्याच जागेकडे चालली होती, डोळे टिटवीवर, पायांखाली लक्ष नाही. मला ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

"थांबा!" बाई ओरडल्या. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "आहात तिथेच थांबा! कुणी पाऊल उचलायचं नाही!"

"बाई, माझं उचललेलंच आहे!" एका मुलाने एका पायावर डुगडुगत विचारलं, "आता काय करू?"

"खाली बघ आणि मगच ठेव!"

"पण बाई, ती मरेल!" डॉक्टरीण रडकुंडीला आली होती. "तिला खूप लागलंय!"

"तिला काही झालेलं नाही, बाळा. तुझ्या पायाशी बघ."

तिने खाली पाहिलं. नुसते खडे. मग त्या खड्यांमधले चार खडे खडे नव्हते, हे तिला दिसलं. मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, तिच्या बुटाच्या टोकाला जवळजवळ टेकलेली. तिच्या हातातला स्वेटर गळून पडला.

बाईंनी सगळ्यांना एकेक पाऊल बघून मागे यायला लावलं. मग सगळे लांब, कुंपणापाशी बसले. बाईंनी मला डॉक्टरणीच्या हातात दिलं.

"बघ आता. आणि आकडे म्हणायचे नाहीत."

"मला नको, बाई. मी तिची पिल्लं मारली असती."

"मारली नाहीस ना? मग बघ. तुला डॉक्टर व्हायचंय की नाही? रोग्याला नीट बघितल्याशिवाय कुणी हात लावतं का?"

ती बघायला लागली. माझी भिंगं तिच्या आसवांनी ओली झाली. एरवी भिंगाला पाणी लागलेलं मला मुळीच खपत नाही, पण त्या दिवशी मी चकार शब्द काढला नाही. टिटवी उठली, दोन्ही पंख झटकून नीट मिटले, चार पावलं चालली, थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच अंड्यांवर बसली. डॉक्टरणीने तेव्हा कुठे श्वास सोडला.

"बाई, ती लंगडी नव्हतीच. ती आपल्याला घाबरली होती."

पुढच्या शनिवारी बाईंनी सात आकड्यांचा नियम मोडीत काढला. ज्याला बघायचं त्याने मन भरेपर्यंत बघायचं, बाकीच्यांनी तोवर गवत बघावं, असं ठरलं. पोरांनी कुरकुर केली, पण गवतातही त्यांना काय काय सापडलं म्हणता! माळाजवळ आल्यावर डॉक्टरणीने सगळ्यांना थांबवलं. तिने पुढे होऊन तळ्याच्या पलीकडची लांबची वाट धरली आणि ओठांवर बोट ठेवून वर्गाला आपल्या मागून नेलं. वाटेत चिखल होता, सगळ्यांचे बूट बरबटले, तरी कुणी तक्रार केली नाही. पलीकडे पोचल्यावर तिने मला डोळ्यांना लावलं.

टिटवी अंड्यांवर बसली होती. तिने मान वळवून आमच्याकडे एकदा पाहिलं आणि जागची हललीही नाही.

मित्रांनो, कुणाचं दुखलं की धावून जावंसं वाटतं, ते चांगलंच आहे, ते कधी सोडू नका. फक्त धावण्याआधी जरा थांबून बघा. आपण दिसलो की एखादा जीव लंगडायला लागला, तर तो कदाचित आपल्यालाच घाबरलेला असेल. त्या पुढच्या शनिवारी इतकी मुलं माळाजवळून गेली, आणि टिटवीला पंख मोडून दाखवावा लागला नाही.