बुलबुलाचा रिपोर्ट

श्वासकाकांना श्वासकाका हे नाव इस्पितळाने दिलं आणि ते घरापर्यंत येऊन चिकटलं. एक्स-रे खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. समोर कुणीही उभा राहो, हवालदार, नवी नवरी की खोकून बेजार झालेला गवंडी, त्याच्या वाट्याला तेच शब्द यायचे : श्वास घ्या. रोखून धरा. हं, सोडा. शब्द तोंडात आले की बोट बटणावर जायचं आणि बोट बटणावर गेलं की शब्द तोंडात यायचे. यातलं आधी काय, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

खात्यात नवी पोरं यायची. ती कधीकधी गडबडीत 'सोडा' म्हणायला विसरत, आणि पेशंट बिचारा गाल फुगवून तसाच उभा राही. श्वासकाका मात्र कधी विसरले नाहीत. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

निवृत्तीनंतर लेकीने त्यांना कॅमेरा आणून दिला. लांब नळकांड्यासारखी लेन्स, खाली स्टँड, पाठीमागे छोटा पडदा.

"बाबा, आता जरा जिवंत प्राण्यांचे फोटो काढा."

"म्हणजे? आजवर मेलेल्यांचे काढत होतो?"

"आतून काढत होतात. आता बाहेरून काढा."

घराला छोटंसं परस होतं. एक पेरूचं झाड, कपडे वाळत घालायची तार, धुण्याचा दगड आणि एक गळका नळ. नळाचा वायसर बदलायचं काका कित्येक महिने म्हणत होते आणि काकू त्यांना कित्येक महिने टोमणे मारत होत्या. नळाखाली टवके उडालेलं एक घमेलं होतं. त्यात थेंब पडत राही, आणि त्या थेंबासाठी पाखरं येत.

दुपारची जेवणं झाली की काका स्वयंपाकघराच्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसत. लेन्सला डोळा लावला की परस नाहीसं होई आणि त्याच्या जागी दुसरंच काही उघडे. पेरूचं एक पान अख्ख्या भिंतीएवढं होई. नळाच्या तोंडाशी थेंब जमू लागे, फुगे, लांबे, त्याच्या पोटात उलटं आभाळ आणि उलटी तार दिसे, मग तो सुटे आणि घमेल्यातलं पाणी गोल गोल हलत कडेपर्यंत जाई. शेजारी शिंपी राहत होता. त्याच्या मशीनचा आवाज कुंपणावरून येई, थांबे, पुन्हा येई. ऊन त्या आवाजावर डुलकी घेत असल्यासारखं वाटे. काकांचीही कधी डुलकी लागे, आणि मग आपण पाहिलं ते लेन्समधून की मिटल्या डोळ्यांनी, हे त्यांना कळत नसे.

सवयीने त्यांना पाखरं आतूनच दिसत. दयाळ तारेवर बसला की त्याच्या काळ्या-पांढऱ्या पिसांखाली बारीक बरगड्यांचा पिंजरा असल्याचं त्यांना जाणवे, काडेपेटीत मावेल एवढा. पंखांची हाडं पोकळ, हवेने भरलेली. म्हणजे हा प्राणी एरवीही श्वास धरूनच असतो की काय, असा विचार त्यांच्या मनात येई, आणि तो विचार त्यांना फार आवडे.

अडचण एकच होती. पाखरू नीट बसलं, फोकस लागला, बोट बटणावर गेलं की काकांच्या तोंडून खणखणीत आवाज निघे :

"श्वास घ्या!"

दयाळ भुर्र. साळुंक्या भुर्र. शिंजीर तर पहिल्या अक्षरालाच पसार.

"अहो," काकू आतून म्हणत, "त्याची छाती भरली तरी होती का?"

"हसू नकोस. सवय आहे."

"सवय तर आहेच. परवा झोपेत मलाही रोखून धरायला सांगितलंत."

लेक दर शनिवारी दोन दिवसांसाठी यायची. तिने पडद्यावर एकामागून एक फोटो पाहिले. रिकामी तार, हलणारी फांदी, चौकटीच्या कोपऱ्यात निसटलेलं शेपूट.

"फांद्या छान आल्यात, बाबा."

"खार बघ. खार आली आहे."

"खार बहिरी असेल."

तोंडात लिमलेटची गोळी धरून बसा, असा सल्ला तिने दिला. काकांनी तोही करून पाहिला. त्या दुपारी एक भारद्वाज परसात उतरला, काकांनी गोळीसकट त्याला श्वास घ्यायला सांगितलं, गोळी घशाशी गेली आणि भारद्वाजाने न हलता त्यांचा ठसका शेवटपर्यंत पाहिला. फोटो राहिलाच.

पांढऱ्या बुलबुलाची गोष्ट काकूंनी पहिल्यांदा काढली ती मटार सोलताना.

"आज पांढरा बुलबुल आला होता नळावर."

"पांढरा बुलबुल नसतो."

"नसतो. पण आला होता."

त्यांनी त्याचं वर्णनही केलं. डोक्यावर तुरा बुलबुलाचाच, डोळे काळे, बाकी अंग धुतल्यासारखं पांढरं, आणि शेपटीच्या मुळाशी करंगळीच्या नखाएवढं लाल. काका डुलकी घेत असताना आला आणि ते जागे व्हायच्या आत गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, तेव्हा काका दुकानात गेले होते. तिसऱ्यांदा आला तेव्हा ते न्हाणीघरात होते.

एरवी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण त्याच सुमारास काकूंनी किल्ल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. रिकामं पातेलं गॅसवर तापून काळं झालं होतं. लेकीला त्यांनी मावशीच्या नावाने हाक मारली, एकदा नाही, सगळी संध्याकाळ. लेकीने मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. डोक्याचा फोटो काढायचा ठरला.

शनिवारी जेवणाच्या टेबलाशी ती आईला म्हणाली, "ते विचारतील, नसलेलं काही दिसतं का. मी बुलबुलाचं सांगणार आहे."

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"किल्ल्या मी तांदळात ठेवल्या. ते सांग. पातेलं जाळलं, ते सांग. तुला मावशी म्हटलं, तेही सांग, मला त्याची लाज वाटते पण सांग. बुलबुलाला माझ्या दुखण्यात घालू नकोस. तो मी पाहिलाय."

"आई, असा एखादा पक्षी असतोही. मी वाचलंय. पण तो तुलाच कसा दिसतो गं? बाबा अख्खी दुपार तिथे कॅमेरा लावून बसतात."

"बाबा अख्खी दुपार घोरतात."

लेक हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि तेवढ्यासाठी ती उठून पाणी प्यायला गेली.

ती गेल्यावर काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला तरी खरं वाटतं का?"

काकांनी जे उत्तर दिलं ते त्यांनी ठरवून दिलं नाही. इस्पितळात ओली फिल्म हातात घेऊन ते खोलीबाहेर आले की दारात नातेवाईक उभे असत. काय दिसतंय हो, असं विचारत. त्यांना द्यायचं उत्तर नियमात बसलेलं होतं, तेच आताही आलं.

"मी फक्त फोटो काढतो. वाचायचं काम डॉक्टरांचं."

 दारातल्या त्या सगळ्या माणसांचा चेहरा काकूंच्या चेहऱ्यावर येऊन गेला, आणि काकांना तो ओळखता आला. मग त्या ताटं उचलताना सावकाश म्हणाल्या, "म्हणजे परसात बसून तुम्ही माझाच फोटो काढताय म्हणा."

रविवारी दुपारी काकांनी खुर्ची टाकली तेव्हा झोपेचा मागमूस नव्हता. आज तो आला तर आला. उद्या डॉक्टरांच्या टेबलावर काकूंच्या चुकांच्या रांगेत तो पांढरा बुलबुल बसणार, आणि तिथून त्याला कुणी उठवू शकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा रिपोर्टात गेलेलं बाहेर येत नाही.

थेंब जमला, सुटला. शिंप्याचं मशीन चाललं, थांबलं. पेरूची सावली घमेल्यापाशी आली आणि कडेवर चढली. लेक आत आडवी झाली होती. कधीतरी काकू येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. त्यांच्या ओल्या हातांना साबणाचा वास येत होता.  ऊन इतकं स्वच्छ आणि इतकं शांत होतं की ते परसात पडलेलं नसून परसच त्याच्या तळाशी बुडालेलं आहे असं वाटत होतं. तारेवरचं एक फडकं हललं.

फडकं नव्हतंच ते.

ते तारेवरून सुटलं, हवेत थोडं वर गेलं आणि नळावर येऊन बसलं. तुरा. काळा डोळा. पांढरं अंग, एक्स-रेच्या फिल्मवर हाड उजळतं तसं पांढरं, आतून.

काकांचं बोट बटणावर गेलं. आणि जे व्हायचं तेच झालं. फक्त या वेळी घसा कोरडा पडला होता, म्हणून ते कुजबुजीइतकंच बाहेर आलं.

"श्वास घ्या..."

मागे काकूंनी श्वास घेतला. छाती भरून, आवाज न करता.

"रोखून धरा."

त्यांनी धरला. बुलबुलाने मान वाकडी केली, नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब चोचीने टिपला. त्याचं शेपूट वर झालं आणि मुळाशी लाल दिसलं, नखाएवढं. काकांनी तेव्हा फोटो काढणाऱ्याने करू नये ती गोष्ट केली. त्यांनी लेन्सवरून डोळा काढला आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बोट बटणावर होतं की नाही, ते विसरले. आयुष्यात पहिल्यांदा तिसरा शब्दही विसरले. थेंब पुन्हा जमू लागला. बुलबुल त्याची वाट पाहत होता. काकाही पाहत होते.

"अहो, सोडा म्हणा की!" काकू एकदम ओरडल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "जीव जाईल माझा!"

काकांचा हात दचकला, कॅमेरा खटकन वाजला आणि नळ रिकामा झाला.

काकू धापा टाकत भिंतीला टेकल्या आणि हसायला लागल्या. काकाही हसले. हसता हसता त्यांना वाटलं की आपण रडतोय, पण त्यांनी त्याची चौकशी केली नाही.

आवाजाने लेक उठून आली. काकांनी तिला पडदा दाखवला. सगळं हललं होतं. नळ दोन दिसत होते, आणि त्यांच्यावर एक पांढरा फराटा.

"बाबा..." ती जपून बोलली. "हे ऊन चमकलंय. इथे काही नाहीये."

"इकडे बस," काका म्हणाले. "फिल्मवर काळं दिसतं तिथे हवा असते. काही नसतं तिथे काळं येतं. पांढरं दिसलं की समजायचं, काहीतरी आहे."

"ही फिल्म नाहीये, बाबा."

"नाहीये. म्हणून तर फोटो बाजूला ठेव." त्यांनी कॅमेरा खरोखरच मांडीवर पालथा घातला. "रिपोर्ट मी देतो. उभ्या आयुष्यात दिला नाही, आज देतो. बुलबुल आहे. पांढरा. डोळे काळे. शेपटीखाली लाल. मी पाहिला, तुझ्या आईबरोबर पाहिला. हिच्या दुखण्यात तो येत नाही."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईसाठी हा माणूस खोटं बोलेल का, हे ती शोधत होती. पण खोटं बोलणारा माणूस इतका गोंधळलेला आणि इतका खूश दिसत नाही.

"शेपटीखाली लाल?" तिने विचारलं.

"नखाएवढं," काका आणि काकू एकदमच म्हणाले. काकूंनी करंगळी पुढे केली.

सोमवारी डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले. किल्ल्यांचं सांगून झालं, पातेल्याचं, मावशीचं. नसलेलं काही दिसतं का, या प्रश्नाला लेकीने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही. असलेलंच दिसतं. आम्हाला दिसत नाही तेसुद्धा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि डोक्याचा फोटो काढायला आत पाठवलं.

त्या खोलीच्या दारापर्यंत काका गेले. आत मोठं गोल यंत्र होतं आणि त्यांच्या नंतरच्या पिढीतली एक मुलगी काचेमागे बसली होती. काकूंनी बांगड्या काढून त्यांच्या हातात दिल्या. 

"यातून काहीही निघो," त्या म्हणाल्या. "फक्त आठवणीने सोडा म्हणा. कालच्यासारखं करू नका."

"यात श्वास रोखायचा नसतोच," काका म्हणाले. आपण हे कुणाला पहिल्यांदाच सांगतोय, हे बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "घेत राहा."