हँडलवरचं फडकं

या, असे जवळ सरकून बसा. वारा उलटा सुटलाय, लांब बसलात तर अर्धं बोलणं धुळीतच जाईल. आज मी तुम्हाला एका फडक्याची गोष्ट सांगतो. हसताय? हसा. देवाला आपल्याशी बोलायचं असलं की तो दर वेळी ढगातून गडगडतोच असं नाही. चुलीपाशी पडलेलं फडकंही त्याला पुरतं.

माझ्या कुंपणाला लागून दूधवाल्याचं घर. मळ्यामळ्यांतून दूध गोळा करायचं आणि डेअरीवर पोचवायचं, हा त्याचा धंदा. मोटरसायकलला दोन्ही अंगांनी दोन कॅन लटकवून गडी असा निघायचा, की वाटावं जुळी पोरं काखेत घेऊन चाललाय. गाडीवर जीव फार. दर दोन महिन्यांनी स्वतः ऑइल बदलायचा. त्याची एक रीत होती. जुनं ऑइल काढलं की खालचा नट हातानंच जागेवर फिरवून ठेवायचा, म्हणजे आत माती-मुंगी जायला नको. पेट्रोलची चावी बंद करायची. आणि हँडलच्या उजव्या मुठीला एक निळ्या पट्ट्याचं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की घरातल्या प्रत्येकानं समजायचं, गाडीचं पोट रिकामं आहे, हात लावायचा नाही.

बायको थट्टा करायची, "माणसांना जेवलात का विचारत नाही, गाडीची काळजी बघा."

तो म्हणायचा, "आधी पोटोबा. मग कसले ते रस्ते."

असा हा माणूस एक दिवस भर सकाळी बाजारातून पायी परत येताना बांधावर टेकला, तो उठलाच नाही. शेजारच्या शेतात नांगर धरलेला गडी म्हणाला, मला वाटलं दमलाय. चार तास झाले तरी हलेना तेव्हा जवळ गेलो. हातातली पिशवी तशीच मांडीवर होती. आम्ही माणूस घरी आणला, पिशवीही आणली. कुणीतरी ती दारामागच्या खुंटीला अडकवली. पुढं तिच्याकडं कोण बघतो?

त्या घराला मग बधिरपणा आला. म्हातारीनं, म्हणजे त्याच्या आईनं, कपडे धुवायचा सपाटा लावला. त्याचा सदरा धू, चादर धू, जे हाताला लागेल ते धू. आणि त्याची बायको? ती रडलीच नाही. झाडायची, भांडी घासायची, विचारलं तर "हो" म्हणायची, नाही विचारलं तर तेही नाही. फाटक उघडताना करकरायचं. आधी ते करकरलं की ती दूध तापवायला ठेवायची. आता ते करकरलं तरी मान वर होत नव्हती. माझी बायको म्हणाली, "हिच्या आत कुणीतरी दिवा विझवून दार ओढून घेतलंय."

डेअरीवाल्यानं निरोप धाडला. उद्या सकाळी कॅन आले तर ही फेरी तुमची, नाही आले तर दुसरा माणूस तयार आहे. त्याचंही चूक नाही, दूध काही कुणाच्या दुःखासाठी नासायचं थांबत नाही. त्या फेरीवरच घराची चूल. म्हणून तिचा दीर आला. धंद्यानं शिंपी. काम मागं टाकून धावत आला, मनानं सोन्यासारखा, पण घाई अशी की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

त्या दिवशी मी कुंपणाची तार ओढत होतो. ऊन तापलेलं, काळी माती भेगाळलेली, पावलागणिक धूळ. शिंप्यानं अंगणातल्या छपरातून गाडी बाहेर ढकलली आणि किक मारली.

"वहिनी, आज एक चक्कर मारून बघतो. उद्या ऐन वेळी रुसायला नको."

दुसरी किक. तिसरी. गाडी नुसती खोकली.

"काय रं बाबा, माझ्यावर राग आहे का?" तो गाडीलाच म्हणाला. मग वाकून बघतो तर पेट्रोलची चावी बंद. "हात्तिच्या! दादानं चावी बंद केलीय, आणि मी घाम गाळतोय." त्यानं चावी फिरवली.

तेवढ्यात आत ती चुलीवरचं पातेलं उतरवत होती. हाताला जे फडकं लागलं ते घेतलं. पांढरंशुभ्र, साबणाचा वास येणारं. पातेलं खाली ठेवलं आणि तिची नजर फडक्याच्या काठावर गेली. निळा पट्टा. शिवणीच्या आत काळी रेघ, कितीही घासली तरी न गेलेली.

"आई, हे कुठलं?"

"ते होय? गाडीला अडकलेलं होतं. किती काळं झालं होतं माहितीय? तीन पाण्यांतून काढलं."

ती धावली नाही, ओरडली नाही. मी पाहिलं ना. झोपेतून चालावं तशी बाहेर आली. शिंप्यानं पाय किकवर ठेवलेला. तिनं ते फडकं उजव्या मुठीला गुंडाळलं आणि गाठ मारली.

"भावजी, उतरा. पोट रिकामं आहे."

"कुणाचं?"

"गाडीचं."

"कोण म्हणतं?"

तिनं बोटानं फडकं दाखवलं. मी तार टाकून कुंपणाशी आलो. म्हटलं, "पट्टी काढून बघ की." त्यानं इंजिनाची ऑइल मोजायची पट्टी काढली. कोरडी ठणठणीत. शिंप्यानं ती पुन्हा बुडवून बघितली, तीच गत. गाडी सुरू झाली असती तर वाटेतच इंजिन जाम झालं असतं. उद्या कॅन काय डोक्यावर नेणार होता?

दारात म्हातारी उभी. तिचे हात हवेतच कपडा पिळल्यासारखे हलत होते. "मी धुतलं," ती म्हणाली. "माझ्या लेकानं सांगून ठेवलेलं, आणि मीच पुसलं."

सून आत गेली आणि खुंटीवरची पिशवी घेऊन आली. पंधरा दिवसांनी ती पिशवी उघडली. आत ऑइलचा नवा डबा आणि कागदात गुंडाळलेला फिल्टर. हेच आणायला गेला होता तो.

शिंप्यानं डबा हातात घेतला. "चला, ओततो."

"थांबा. आधी खालचा नट."

"नट तर आहे जागेवर."

"हातानं लावलेला असतो. आवळायचा राहिलाय. ओतलंत तर सगळं मातीला पाजाल."

"वहिनी, मी मशीनला तेल घालतो ते दोन थेंब. मला काय कळतंय?"

"म्हणून तर पाना मला द्या."

इतकी वर्षं नवऱ्याला पाने उचलून देणारी ती, आज गोणपाटावर स्वतः आडवी झाली. नट आवळला. बाजूचं छोटं झाकण उघडलं, तीन स्क्रू काढून ताटलीत ठेवले. जुना फिल्टर काळाकुट्ट, चिखलात बुडालेल्या कणसासारखा. खोबण पुसायला हात पुढं केला. फडकं मुठीला होतं, तिनं ते सोडलं नाही. स्वतःच्या तळहातानं पुसली.

"आई, इकडं या. हा नवा धरा. भोकाचं तोंड आत."

"मी? माझ्या हातानं आता काही होऊ देऊ नकोस गं."

"धरा म्हणते ना."

म्हातारीनं दोन बोटांत तो फिल्टर असा धरला, जशी पाखराची पिसं. सुनेनं तिचंच मनगट धरून तो आत बसवला. रबरी कडी नीट बसली का बघितलं, झाकण लावलं, स्क्रू आवळले. मग ऑइल ओतलं. उन्हात ते मधासारखं पिवळं दिसत होतं. पट्टी बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली. दोन खुणांच्या मधे.

"आता मुठीचं सोडा, आई."

"तूच सोड."

"तुम्ही सोडा."

म्हाताऱ्या बोटांना गाठ सुटेना. कुणी घाई केली नाही, शिंप्यानंसुद्धा नाही. सुटली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. क्षणभर चालवून तिनं बंद केली, थांबली, पुन्हा पट्टी बघितली, नटाखाली बोट फिरवलं. कोरडं. मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं. कोपरापर्यंत काळे झालेले हात मात्र तिनं लगेच धुतले नाहीत.

छपरात गोणपाटाखाली त्यानं काढून ठेवलेल्या जुन्या ऑइलची परात होती. त्यातलं थोडं तिनं फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं. दुसऱ्या दिवशी पहाटे शिंपी कॅन लटकवून, कुणाची झोप मोडू नये म्हणून गाडी ढकलतच निघाला तेव्हा फाटक करकरलं नाही. तो गेला हे आतल्या दोघींना कळलंच नाही. दूरच्या वळणावर गाडीचा आवाज आला तेव्हा कळलं. आणि तेव्हा, माझी बायको सांगते, सुनेनं उठून दूध तापायला ठेवलं.

ते निळ्या पट्ट्याचं फडकं आता पुन्हा छपरातच असतं. पुन्हा काळं झालंय. म्हातारी त्याला हात लावत नाही.

बस, एवढीच गोष्ट. आता उठाल, आपापल्या वाटेला लागाल. पण कुठं एखाद्या गाडीच्या मुठीला फडकं बांधलेलं दिसलं, तर क्षणभर थांबा. आमच्या दूधवाल्याची आठवण काढा. जाताना घराला तेवढी एक गाठ मारून गेला होता.